खेड्यातलं मेडिकल कॉलेज कसं उभं राहतं : सेवाग्रामचा हिशेब

आज कुणाला एमबीबीएसच्या 100 जागांचं महाविद्यालय काढायचं असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या निकषांप्रमाणे 420 खाटांचं चालतं रुग्णालय दाखवावं लागतं. नुसत्या खाटा मांडून भागत नाही. त्यातल्या 80 टक्के खाटांवर रोज रुग्ण असायला हवेत. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास माणसं कुठल्याही दिवशी भरती झालेली हवीत. पुण्या-मुंबईत हे जमून जातं. खेड्यात मात्र खरी अडचण हीच. इमारतीला पैसे देणारा एखादा दानशूर भेटतो, पण रोज साडेतीनशे रुग्ण कोण आणून देणार? रुग्ण तेव्हाच येतात, जेव्हा उपचार परवडतात आणि दवाखान्यावर विश्वास असतो. उपचार परवडावेत असे दर ठेवले की रुग्णालय तोट्यात जातं. दर वाढवले की खाटा रिकाम्या राहतात, आणि खाटा रिकाम्या राहिल्या की विद्यार्थी शिकणार कुणावर?

या पेचातून वाट काढलेलं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. ती 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली आणि देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. तिच्याबद्दल बोलताना बहुतेक लोक खादी आणि प्रार्थनेवर थांबतात. खादी-प्रार्थना आहेच, पण संस्था तगली ती पैशाच्या, प्रवेशाच्या आणि गावाशी बांधलेल्या संबंधाच्या रचनेवर. ती रचनाच इथे उलगडून पाहू.

आधी दवाखाना, मग कॉलेज

गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांच्या औषधपाण्याचं काम डॉ. सुशीला नय्यर बघत. कस्तुरबांचं 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना निधन झालं. सुशीलाबेन तेव्हा त्याच कैदेत होत्या. त्यानंतर सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावानं बायका-मुलांसाठी 15 खाटांचा दवाखाना सुरू झाला. नवी इमारत बांधली नाही. बिर्लांच्या अतिथिगृहातच तो थाटला.

दवाखाना आणि महाविद्यालय यांच्यामध्ये जवळपास पंचवीस वर्षं गेली, हे विसरून चालणार नाही. त्या काळात दवाखाना पंचक्रोशीत ओळखीचा झाला. 'कस्तुरबाला नेऊ' हे वाक्य लोकांच्या तोंडात बसलं. पुढे 1964 मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली; दवाखाना आणि नंतर महाविद्यालयही तिच्याच हाती. सुशीलाबेन 1962 ते 1967 केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. सरकारी पैसा कुठून येतो, कसा अडतो आणि कसा सोडवायचा हे त्यांना आतून माहीत होतं. लोकांनी उभारलेल्या संस्थांच्या कथांमध्ये हा भाग सहसा गाळला जातो. लोकांची इच्छा आणि सचिवालयाची ओळख, यांपैकी एकावर कुठलंही मेडिकल कॉलेज उभं राहत नाही.

पहिल्या तुकडीत 60 विद्यार्थी होते. आज दरवर्षी 100 घेतात, आणि रुग्णालय नऊशेहून अधिक खाटांचं झालं आहे.

पैशाचे तीन वाटे

संस्थेच्या मान्य खर्चाची विभागणी अशी : केंद्र सरकार 50 टक्के, महाराष्ट्र सरकार 25 टक्के आणि उरलेले 25 टक्के कस्तुरबा हेल्थ सोसायटीनं उभे करायचे. दिसायला सोपं, पण या एका गणितातून बऱ्याच गोष्टी ठरतात.

तीन चतुर्थांश पैसा सरकारचा असल्यानं विद्यार्थ्यांकडून खासगी कॉलेजसारखी फी घ्यावी लागत नाही. एक चतुर्थांश स्वतः आणायचा असल्यानं काटकसर हा संस्थेचा स्वभावच होतो. आणि व्यवस्थापन सोसायटीकडे असल्यानं बदली, बढती, प्रवेशाच्या जादा अटी, औषधखरेदी यांबाबत सरकारी महाविद्यालयाला नसलेली मोकळीक मिळते. इथले प्राध्यापक पूर्णवेळ असतात, आवारातच राहतात आणि खासगी प्रॅक्टिस करत नाहीत. रात्री दोनला सर्पदंशाचा रुग्ण आला तर वरिष्ठ डॉक्टर पाच मिनिटांच्या अंतरावर असतो. संध्याकाळच्या खासगी दवाखान्याची घाई नसल्यामुळे दुपारच्या ओपीडीत रुग्णाला कुणी 'संध्याकाळी तिकडे या' असंही सांगत नाही.

या रचनेचा त्रासही आहे. वेतन आयोग लागू झाला की पगाराचा आकडा एका झटक्यात वर जातो, आणि त्याबरोबर सोसायटीचा 25 टक्क्यांचा वाटाही वाढतो. रुग्णाकडून मिळणारे पैसे मात्र त्या वेगानं वाढवता येत नाहीत. अनुदान हप्त्यांनी येतं. पगार दर महिन्याला द्यायचा असतो. अनुदानावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या लेखाविभागात मार्च महिना कसा जातो, हे तिथं काम केलेल्यांना सांगायला नको.

महाराष्ट्रात लोकांच्या पैशातून वैद्यकीय शिक्षण उभं करण्याची दुसरीही वाट आहे, सहकाराची. प्रवरेच्या साखर कारखान्याच्या परिसरात, लोणीला, 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. सहकारी कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या टनामागे ठरावीक कपात करून शाळा-कॉलेजं काढण्याची रीत जुनी आहे. 1983 मध्ये राज्यानं विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्या वाटेला वेग आला. पण विनाअनुदानित याचा अर्थच असा की चालू खर्च फीमधून काढायचा. शेतकऱ्याच्या कपातीतून इमारत उभी राहिली, तरी शेतकऱ्याच्या मुलाला तिथली फी परवडेल याची खात्री त्या रचनेत नसते. सेवाग्रामची आणि सहकाराची वाट नेमकी इथे वेगळी होते.

ज्वारीची वर्गणी

आता या सगळ्यातला आम्हाला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग.

मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या गावांत जाऊ लागले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता : शेतमजुराला भरतीचा खर्च झेपत नाही, आणि फुकट दिलं तर दवाखाना बुडतो आणि गावाचा त्यात काही हात राहत नाही. उत्तर म्हणून गावाचा विमा आला. वर्गणी हंगामात, ज्वारीच्या रूपात. ज्याच्याकडे शेती त्यानं शेतीच्या मानानं जास्त द्यायची, भूमिहीनानं कमी. आजारी पडल्यावर मिळणारा लाभ मात्र दोघांना सारखा.

ज्वारीच का? मजुराच्या हातात वर्षभर रोकड नसते, पण सुगीत मजुरीचा काही भाग धान्यात मिळे. त्या आठवड्यांत घरात पायलीनं ज्वारी असते. सुगी उलटून काही महिन्यांनी वर्गणी मागितली तर धान्य संपत आलेलं आणि उधारी सुरू झालेली. त्यामुळे कधी मागायचं हे ठरवणं, किती मागायचं यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. जमा झालेली ज्वारी विकून येणाऱ्या पैशातून गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्याचं मानधन, प्राथमिक औषधं असा खर्च चालवायचा, आणि मोठ्या आजाराला कस्तुरबा रुग्णालयात उपचार.

यात एक अट होती, जिच्यावर सगळी योजना उभी आहे. गावातली निदान 75 टक्के घरं सामील झाली तरच त्या गावात योजना चालवायची. ही अट अनेकांना आडमुठी वाटते. ती का लागते ते आकड्यांत बघा.

समजा गावात 200 घरं आहेत. वर्षाला त्यातल्या 10 घरांत कुणीतरी भरती होतं आणि प्रत्येकी 5,000 रुपये खर्च येतो. एकूण 50,000. सगळी 200 घरं आली तर दर घरामागे 250 रुपये पुरतात. आता योजना ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडा. ज्यांच्या घरी म्हातारा खोकतोय, सून पोटुशी आहे, कुणाचं हर्निया दुखतंय, तेच आधी येतील. समजा 40 घरं आली आणि आजारी पडणाऱ्या 10 घरांपैकी 8 त्यातच आहेत. खर्च 40,000, वाटणारे 40. घरामागे 1,000 रुपये. पुढच्या वर्षी धडधाकट घरं म्हणतात, 'आपल्याला काय उपयोग झाला?' आणि बाहेर पडतात. मग उरलेल्यांवर बोजा आणखी वाढतो. तीन-चार वर्षांत योजना संपते. विमा कंपन्या याच भीतीनं आधीपासूनचे आजार वगळतात आणि अर्जात शंभर प्रश्न विचारतात. 75 टक्क्यांच्या अटीत आजारी दहाच्या दहा घरं आली असं धरलं, तरी 150 घरांत 50,000 वाटले जातात. घरामागे 333 रुपये. झेपण्यासारखं, आणि कुणाला वगळायचीही गरज नाही.

अट पाळायची तर गावानं एकत्र बसावं लागतं. मग कोण देत नाही, का देत नाही, पाटलाच्या वाड्यावरून किती आली आणि पलीकडच्या वस्तीवरून किती, हे सगळं उघड्यावर येतं. गावातल्या गटबाजीमुळे एखादं गाव 75 टक्क्यांपर्यंत पोचतच नाही. तिथे योजना सुरू न करणं हेच योग्य, हा निर्णय घ्यायला धाडस लागतं. आपल्याकडच्या बहुतेक योजना उद्दिष्टाचा आकडा पुरा करण्यासाठी अशा गावातही रेटल्या जातात आणि मग कागदावर उरतात.

आणखी एक बारकावा. अचानक कोसळलेल्या आजारात पूर्ण आधार द्यायचा. पण आधीपासून ठाऊक असलेल्या खर्चात, म्हणजे मोतीबिंदू, हर्निया किंवा नेहमीचं बाळंतपण असेल, तर कुटुंबानं थोडा वाटा उचलायचा. कारण सोपं आहे. पटकी सांगून येत नाही. हर्नियाचं ऑपरेशन मात्र ज्वारी निघाल्यावर करता येतं, त्यासाठी बाजूला काही ठेवताही येतं.

या कामात डॉक्टरांना फार लवकर कळलं की गावाचा अग्रक्रम आरोग्य हा नाही. आधी पाणी, ओलीत, दूध, भाव. त्यामुळे जाजूंच्या गटाचं काम पुढे उपसा सिंचनासारख्या गोष्टींपर्यंत गेलं. वैद्यकीय शिक्षणाच्या पुस्तकात हे बसत नाही, पण कुपोषित पोराला टॉनिक लिहून देणाऱ्यापेक्षा त्याच्या बापाच्या शेतात पाणी नेणारा जास्त कामाचा, हे मान्य करायला हरकत नसावी.

काळ बदलला तसं हेही बदललं. वर्धा जिल्ह्यात ज्वारीचा पेरा घटला, सोयाबीन आणि कापूस आले. धान्याऐवजी रोख वर्गणी सोयीची झाली. शिवाय एकेका कुटुंबानं वार्षिक वर्गणी भरून बिलात सवलत मिळवण्याची सोयही रुग्णालयानं केली. त्यात संपूर्ण गावाला मिळतो तेवढा लाभ मिळत नाही, कारण वर सांगितलेलं गणित. मग राज्याची जीवनदायी योजना आली, जी 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालते. फुकट कार्ड हातात असताना वर्गणी कशाला, हा प्रश्न गावात येणारच. पण त्या योजनेत ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचार येतात. चार दिवसांचा ताप, विंचूदंश, ओपीडीतलं औषध असे खर्च बहुतांशी खिशातूनच जातात, आणि घर पोखरलं जातं ते अशाच छोट्या खर्चांनी.

विद्यार्थी गावात नेमकं काय करतो

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आला की आधी आश्रमात पंधरवड्याचं शिबिर. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना, स्वतःचं ताट स्वतः घासणं. दिल्लीहून किंवा कोचीहून आलेल्या मुलाला हे विचित्र वाटतं. काहींना शेवटपर्यंत वाटत राहतं.

पुढे त्याच वर्षी दत्तक गावातलं शिबिर, तेही सुमारे पंधरा दिवसांचं. प्रत्येक तुकडीला एक गाव. मुलं-मुली गावातच मुक्कामाला. प्रत्येकाच्या वाट्याला तीन ते पाच कुटुंबं येतात. घरात माणसं किती, वयं किती, पाणी कुठून, शौचालय आहे की परसाकडे जावं लागतं, शेवटचं बाळंतपण कुठे झालं, मुलांच्या लसी पुऱ्या आहेत का, याची नोंद. मग तपासण्या : वजन-उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन. पुढची तीन वर्षं महिन्यातून एकदा त्याच घरी जायचं असतं.

'त्याच घरी' हा शब्द महत्त्वाचा. वॉर्डात विद्यार्थी रुग्णाला तीन-चार दिवस बघतो. सुटी झाली की रुग्ण गायब. घरी तो एकाच बाईला तीन वर्षं बघतो. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन 8, म्हणजे बरंच कमी, निघतं; लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. दुसऱ्या महिन्यात गोळ्या फळीवर तशाच. का? रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून सासू घाबरली. जेवणानंतर घ्यायला सांगितल्या, काळं होणं नेहमीचं आहे हे सासूला समजावलं. तिसऱ्या महिन्यात गोळ्या संपलेल्या, पण हिमोग्लोबिन जेमतेम वाढलेलं. आता विचारायचं : पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, जंतांचं औषध झालंय का, अनवाणी शेतात जाते का, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी केली आहे का? विदर्भात हा शेवटचा प्रश्न विसरून चालत नाही. पुस्तकातला 'रक्तक्षय' हा एक धडा असतो. या घरात तो चार भेटींचा तपास होतो.

सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याचंही तसंच. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा. तळाला मोठे दगड, मग मध्यम, वर लहान खडी. वर तळाला भोक पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या, म्हणजे गाळ अडेल आणि पाणी झिरपेल. मोरीचं पाणी अंगणात साचलं नाही की डास कमी. पण काळ्या कसदार मातीत पाणी लवकर झिरपत नाही, खड्डा पावसाळ्यात तुंबतो. शेंड्या दर काही आठवड्यांनी बदलल्या नाहीत तर वर्षभरात गाळानं बंद. आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ खोदला तर रोग थांबण्याऐवजी विहिरीत जातो. खड्डा खणायला एक सकाळ पुरते. तो दोन वर्षांनी चालू आहे का, हे बघायला परत जावं लागतं, आणि परत जाण्याची सोय अभ्यासक्रमातच असल्यामुळे ते बघितलं जातं.

पुढच्या वर्षांत पुन्हा ग्रामीण आरोग्य केंद्रांवर काम. आंजीसारख्या केंद्रात राहून प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार, लसी थंड ठेवण्याची शीतसाखळी, नोंदवह्या, बाळंतपणं. पदव्युत्तर प्रवेश हवा असेल तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात, एखाद्या सेवाभावी संस्थेत काम केलेलं असावं, अशीही अट इथे कित्येक वर्षं होती. तिचा परिणाम दुहेरी झाला. मागास भागातल्या छोट्या संस्थांना दरवर्षी तरुण डॉक्टर मिळाले, आणि स्पेशालिस्ट होणाऱ्याला साधनं नसताना निर्णय घेण्याची सवय लागली.

ही पद्धत कुठेही राबवा, तिचे दुखरे भाग सारखेच असतात. पहिला भाषेचा : निम्म्या जागा महाराष्ट्राबाहेरच्या मुलांच्या असल्या की 'पोटात गोळा येते', 'हातपाय गयले' याचा अर्थ कळायला वर्ष जातं. दुसरा परीक्षेचा : परीक्षा जवळ आल्या की गावभेट आधी रद्द होते. तिसरा गावाच्या कंटाळ्याचा : दरवर्षी कुणीतरी येऊन तेच प्रश्न विचारतं आणि त्या माहितीचं काय झालं हे गावाला सांगत नाही. सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवणं हा यावरचा साधा उपाय आहे. तासाभराचं काम, पण ते वगळलं की चौथ्या वर्षी दारं उघडेनाशी होतात.

आसपासच्या मुलखावर काय परिणाम झाला

इथले पदवीधर सगळे खेड्यात राहिले, असं झालेलं नाही. ते अपेक्षितही नव्हतं, कारण संस्था देशभरातून मुलं घेत होती. पदवीनंतर मूल आपल्या मुलखाकडे जातं. विदर्भाला जो लाभ झाला तो आधी रुग्णालयाच्या वाटेनं.

सेवाग्राम हे रेल्वेच्या नकाशावर मोक्याचं ठिकाण आहे. वर्धा पूर्व म्हणून ओळखलं जाणारं स्टेशन आता सेवाग्राम झालं, आणि नागपूर-बल्लारशा मार्गावरच्या गाड्या तिथे थांबतात. त्यामुळे चंद्रपूरकडचा आणि पार तेलंगणच्या सीमेवरचा रुग्णही जनरल डब्यातून येतो. यवतमाळचा एसटीनं येतो. येणारे आजारही मुलखाचे असतात. पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस. मण्याराच्या दंशात सूज फारशी नसते, दुखतही नाही, आणि पहाटे श्वास बंद पडतो. तिथे प्रतिसर्पविषाइतकंच व्हेंटिलेटर महत्त्वाचं, आणि जिल्ह्याच्या गावी व्हेंटिलेटर रात्री चालू असणं हाच जगण्या-मरण्यातला फरक. फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाची विषबाधा. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे मजूर दगावले तेव्हा राज्याला हा प्रश्न दिसला. इथल्या मेडिसिनच्या वॉर्डाला तो त्याआधीही ठाऊक होता.

हत्तीरोगाचं उदाहरण संशोधनाचं आहे. या रोगाच्या जंतूंची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात, म्हणून जुन्या पद्धतीत रात्री दहानंतर घरोघर जाऊन बोटातून रक्त घ्यावं लागे. दिवसभर राबून झोपलेल्या माणसाला उठवून टोचायचं म्हणजे शिव्या ठरलेल्या. रात्र न गाठता रोग ओळखता यावा म्हणून रक्तातले प्रतिजन, म्हणजे जंतूंचे अंश, शोधण्यावर इथल्या जीवरसायनशास्त्र विभागानं वर्षानुवर्षं काम केलं. वर्धा हा हत्तीरोगाचा पट्टा होता, म्हणून प्रश्न सुचला. महानगरातल्या प्रयोगशाळेत तो सुचला असता का, शंकाच आहे.

औषधांच्या किमतीचं काम त्यानंतरचं. रुग्णालयानं औषधांची मर्यादित यादी केली, ती औषधं ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या, म्हणजे जेनेरिक, नावानं एकगठ्ठा विकत घेतली आणि आवारातल्या दुकानातून थोड्या नफ्यावर विकली. इथल्याच मेडिसिन विभागाचे डॉ. एस. पी. कलंत्री यांचा यात पुढाकार होता. यात दोन ठिकाणी गाडी अडते. डॉक्टरला ब्रँडची सवय असते आणि त्याला 'जेनेरिक लागू पडत नाही' असं मनापासून वाटतं. ते बोलून जात नाही, यादीबाहेरचं औषध दुकानातच मिळत नाही असं केलं की जातं. दुसरं, दर्जा. स्वस्त निविदा आली म्हणून घेतली आणि एखादी खेप खराब निघाली, तर पाच वर्षांचा विश्वास आठवड्यात जातो. म्हणून पुरवठादाराची कागदपत्रं आणि खेपनिहाय अहवाल पाहिल्याशिवाय पैसे सोडायचे नसतात. औषधकंपनीच्या प्रतिनिधींना दारात थांबवणं हा याच कामाचा भाग, आणि डॉक्टरांचा रोष ओढवून घेणारा.

आज वर्धा शहराच्या आसपास दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दुसरं सावंगीला. एवढ्याशा जिल्ह्याला ही चैनच. पण मेळघाटाला ती नाही. सेवाग्रामच्या सोसायटीनं धारणीजवळ उतावलीला रुग्णालय काढलं ते त्यामुळे.

कुणाला घ्यायचं, हा सगळ्यात अवघड प्रश्न

सेवाग्रामची स्वतःची प्रवेश परीक्षा होती. भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांची प्रश्नपत्रिका. घोकंपट्टी करून तीही सोडवता येई, हे खरं. पण निदान आपण कुठे जातोय हे मुलाला माहीत असे. 'नीट' ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा आली आणि सेवाग्रामची परीक्षा गेली. आता पसंतीक्रमात कॉलेजचं नाव गुणांच्या हिशेबानं येतं, खादीच्या नाही.

या मुद्द्यावर फिलिपिन्समधलं झांबोआंगा बघण्यासारखं आहे. मिंदानाव बेटाच्या त्या टोकाला डॉक्टर टिकत नसत. पुढच्या काळात तर देशातले डॉक्टर परदेशी जाण्यासाठी नर्सिंगची पदवीही घेऊ लागले. 1994 मध्ये तिथल्या स्थानिक डॉक्टरांनी मिळून वैद्यकीय महाविद्यालय काढलं. बहुतेक शिक्षक आपली प्रॅक्टिस सांभाळून जवळपास विनावेतन शिकवत. विद्यार्थी त्याच प्रदेशातले, त्याच बोली बोलणारे. शेवटचं वर्ष जवळपास सगळं गावात. तिथले बहुसंख्य पदवीधर त्याच प्रदेशात राहिले. सेवाग्रामकडे इमारत, अनुदान, पूर्णवेळ प्राध्यापक सगळं जास्त. झांबोआंगाकडे एकच गोष्ट जास्त : मुलं तिथलीच. डॉक्टर खेड्यात राहावा असं वाटत असेल, तर अभ्यासक्रमापेक्षा प्रवेशयादी अधिक ठरवते, आणि केंद्रीय परीक्षेच्या काळात नेमकी तीच संस्थेच्या हातात नाही.

उलट, अभ्यासक्रमाची गोष्ट मात्र देशभर पसरली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं आता कुटुंब दत्तक योजना सगळ्या महाविद्यालयांना लागू केली आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं घ्यायची आणि पुढची वर्षं त्यांच्याकडे जात राहायचं. सेवाग्रामला जे पन्नास वर्षं चालू आहे, तेच. फरक एवढाच की तिथे मुलं आधी पंधरा दिवस गावात झोपली होती. बाकी ठिकाणी बसनं जातात आणि बसनं येतात. कॉलेजची बस पाचला परत निघत असेल, तर सहाला निंदणीवरून घरी येणारी बाई त्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत एकदाही भेटणार नाही, आणि त्याच्या वहीत तिच्या नावापुढे सासूनं सांगितलेलं 'बरी आहे' एवढंच लिहिलेलं असेल.